राणीची सखी आणि माझे पडदे

दुपारी तीन ते चार हा तास माझा होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण ही हकीकत मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यातल्या निम्म्या लोकांनी, माझ्या नवऱ्यासकट, चूक माझीच होती असं म्हटलं आहे. त्यांनी म्हणावं. तास माझा होता आणि तो मी घासाघीस करून मिळवला होता.

मी ब्लाउज शिवते. आता माझ्या हाताखाली चौघी शिवतात आणि मी फक्त कापते. पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुलुंड पूर्वेला, पिठाच्या गिरणीला लागून, माझा नवा नवा गाळा होता. त्यात दोन मशिनी, एक इस्त्री, कापायचं टेबल आणि मी. मालकानं गाळ्याचं भाडं सांगितलं तेव्हा मी त्याच्या तोंडावर हसले होते, आणि तिसऱ्या दिवशी तो स्वतः आमच्या घरी चहाला आला होता. भांडुपच्या चाळीत वाढलेल्या मुलीला हे शिकवावं लागत नाही. राग मात्र माझा स्वतःचा आहे. वडील कापडगिरणीत होते, शांत माणूस. आईही शांत. मी कुणावर गेले ते घरात कुणालाच ठाऊक नाही.

बाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या दोन साध्या ब्लाउजांची कापडं घेऊन. निवृत्त शिक्षिका, लग्न केलेलं नाही, दोन गल्ल्या पलीकडे पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मी माप घेतलं आणि विचारलं, "बाई, फळ्यावर पुष्कळ लिहायचात का?"

"तीस वर्षं. कसं ओळखलंस?"

"उजवा खांदा अर्धा इंच वर आहे. दोन्ही बाजू सारख्या कापल्या तर तुमचा ब्लाउज डावीकडे घसरत राहणार. आजवरच्या शिंप्यानं सांगितलं नाही?"

"तो म्हणायचा, ताठ उभ्या राहा."

ब्लाउज तयार झाले तेव्हा मी ते स्वतः घरी नेऊन दिले. त्याच सुमारास इंग्लंडच्या युवराजाचं लग्न झालं होतं. बाईंच्या टेबलावर पेपर उघडा होता आणि त्यात नवरीचा पानभर फोटो. मी चष्म्यासारखी बोटं करून जवळून बघितला.

"काय बघतेस?"

"कापड चुरगळलंय. एवढा लांब घोळ आणि सगळा चुण्याचुण्या. शिवणाऱ्यांनी चर्चच्या पायऱ्या मोजल्या, पण नवरी ज्या गाडीतून येणार तिच्यातली बसायची जागा मोजली नाही. पोरीला त्यात कोंबून आणलंय."

बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की चष्मा काढून पदरानं पुसावा लागला. मग उठल्या आणि मला काचेच्या कपाटापाशी घेऊन गेल्या. कपाटात वरपासून खालपर्यंत इंग्रजी पुस्तकं. सगळी इंग्लंडच्या राजाराण्यांची चरित्रं, पण निम्म्याहून जास्त राण्यांच्या भोवतीच्या बायकांची. राणीचे कपडे सांभाळणारी, राजपुत्राला दूध पाजणारी दाई, राजकन्यांना शिकवणारी, राणीची मैत्रीण, राजाची मैत्रीण. फोर्टच्या फुटपाथवरून वर्षानुवर्षं एकेक करून आणलेली.

मी विचारलं, "आपल्याकडे राण्यांची काय कमी होती?"

"राण्या होत्या गं. पण आपल्या राणीच्या अंगावर पाणी कोण घालायचं, ती कुणाशी अबोला धरायची, हे कुणी लिहून ठेवलं नाही. या लोकांनी सगळं लिहिलं. राणीला आंघोळ घालणारीनंसुद्धा."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. मी मॅट्रिक झालेली, मराठी शाळेतली, इंग्रजीत काठावर. ती पुस्तकं मला वाचता येणार नव्हती. तेव्हा पुढच्या खेपेला बाई शिलाई द्यायला लागल्या तशी मी म्हटलं, "शिलाई राहू दे. त्या बदली मला वाचून दाखवा."

"एका ब्लाउजला किती पानं?"

"पानं नाही, तास. अस्तराच्या ब्लाउजला चार तास."

"अस्तराचा मी घालतच नाही."

"मग साध्याला तीन."

"एक."

"बाई, तुमचा खांदा मोफत दुरुस्त केलाय मी."

शेवटी असं ठरलं की बाईंचं वर्षाचं सगळं शिवणकाम मी करायचं, आणि बाईंनी दर मंगळवारी आणि शुक्रवारी तीन ते चार मला वाचून दाखवायचं. मुलुंडची दुकानं दुपारी बंदच असायची, त्यामुळे माझं गिऱ्हाईक बुडत नव्हतं. बाई म्हणाल्या, "तू बाजारात बसायला हवी होतीस." मी म्हटलं, "बसलेच आहे की."

त्यांची पद्धत अशी होती. एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा, मग तो मराठीत सांगायचा, मग माझ्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मी खुर्चीत बसून हातानं हूक लावत ऐकायची. सहा लग्नं करणाऱ्या राजापासून आम्ही सुरुवात केली. दुसऱ्या राणीची मान उडवल्यावर तिच्या नावाची अक्षरं राजवाड्यातल्या पडद्यांवरून काढून तिथं तिसरीची घालायला कारागीर बसवले होते, हे ऐकून मी पहिला विचार त्या कारागिरांचा केला. उसवणं हे शिवण्यापेक्षा अवघड असतं. घाईत उसवलं तर कापडाला भोकं राहतात आणि आधी काय होतं ते दिसतंच. बाई म्हणाल्या, अक्षरं लाकडात आणि दगडात पण कोरलेली होती, आणि काही तशीच राहून गेली. "बघा," मी म्हटलं.

मानपानाचं तर विचारूच नका. राणीला सकाळी कपडे घालायचे तर कामाची बाई झगा उचलून सरदारांच्या घरातल्या बाईच्या हातात देणार, आणि ती तो राणीच्या अंगावर चढवणार. थेट नाही द्यायचा. हातमोजे कुणी चढवायचे, पाण्याचं तस्त कुणी धरायचं, पाणी ओतताना कुणी गुडघ्यावर बसायचं, सगळं ठरलेलं. बाईंना हे गमतीचं वाटायचं. मला नाही वाटलं. आमच्या गावाकडे वरमाईचे पाय धुताना तांब्या कुणी धरायचा आणि पाय कुणी पुसायचे यावरून माझ्या दोन आत्या अकरा वर्षं बोलत नव्हत्या. ज्या बाईला दिवसभरात दुसरा कसलाच अधिकार नसतो, तिला तांब्या ही मोठी गोष्ट असते. मी असं म्हणाले तेव्हा बाईंनी पुस्तक मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही ते लाल पुस्तक काढलं. जाडजूड, पाठ उसवलेली. मी तिला उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलं. ते एका राणीच्या सखीचं चरित्र होतं. राणी लठ्ठ, आजारी, सांधे सुजलेली. सतरा वेळा दिवस गेले आणि एकही मूल वाढलं नाही. आणि ही सखी देखणी, तिखट, हिशेबी, कुणाला न ऐकणारी. मी तिला सरदारीणबाई म्हणायला लागले. लहानपणापासूनची दोघींची मैत्री. इतकी, की मोठेपणाचा अडसर नको म्हणून दोघींनी साध्या घरच्या बायकांची नावं घेतली आणि त्या नावांनी एकमेकींना पत्रं लिहायच्या. राणीच्या महालाची सोन्याची किल्ली सरदारीणबाईच्या कमरेला. दरबारात कुणाला काय मिळणार ते हिच्या हातात. हिनं वाड्याच्या खरेदीतला एकेक भाव खाली आणला होता, कुणी राणीला लुबाडू नये म्हणून. अशी बाई मला आवडणारच.

त्याच वर्षी मी बाईंच्या खिडक्यांना पडदे शिवले. त्यांनी मागितले नव्हते. खिडक्या पश्चिमेच्या, दुपारचं ऊन थेट कपाटावर यायचं आणि पुस्तकांच्या पाठी विटत चालल्या होत्या. आंब्याच्या रंगाचं जाड सुती कापड, आणि पितळी कड्या, ज्यांच्यासाठी मी काळबादेवीत एका दुकानदाराशी तासभर भांडले. पडदे लागले तेव्हा खोलीत मधासारखा उजेड झाला. बाई म्हणाल्या, "आता आपला पण महाल झाला." पुस्तकात खूण म्हणून मी त्याच कापडाची एक पट्टी घातली.

माझ्या मामेबहिणीला मुंबईला मीच आणलं होतं. तिशी उलटलेली, लग्न जमलं नाही, आई गेल्यावर भावजयीकडे राहणं कठीण झालं. चौथीपर्यंत शाळा. स्वभावानं गप्प, बोलणं गावाकडचं. तिला मी काज करायला शिकवलं, हूक लावायला, मग सरळ शिवण, मग बाह्या. आमच्याच घरी राहायची, गाळ्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची.

लग्नसराई आली. सकाळी आठला शटर वर जायचं आणि दुपारीही बंद करता येईना. पहिल्या मंगळवारी माझा तास बुडाला. शुक्रवारीही बुडणार हे दिसत होतं. ठरलेली वस्तू फुकट जाऊ द्यायची मला सवय नाही. मी बहिणीला म्हटलं, "तीन वाजता बाईंकडे जा. माझ्या जागी बस. त्या वाचतील ते ऐक आणि मला येऊन सांग."

ती गेली. चारला परत आली आणि मशीनवर बसली.

"काय वाचलं?"

"राणीचे पाय सुजले हत. चलाक जमणा नाय."

"ते मला माहीत आहे. पुढं?"

"मगे बाईंनी चाय केल्यानी."

"अगं, पुस्तकात पुढं काय झालं?"

तिनं दोरा ओवला, गाठ मारली. "तुझी ती सरदारीण खूप आरडता."

"आणि राणी?"

"राणी गप रवता. माका राणी बरी वाटता."

मी हसले. त्या वेळी मला त्यात हसण्यासारखंच वाटलं. मग ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी जात राहिली, आणि सांगणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. मी विचारायची तेव्हा ती म्हणायची, "बराच झाला. तू वाच मगे." लग्नसराई दीड महिना चालली.

शेवटची नवरी उरकली त्या शुक्रवारी मी बहीण निघाल्यावर दहा मिनिटांनी गाळा बंद केला आणि बाईंकडे गेले. तिला सांगितलं नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बाई वाचत होत्या, मध्येच मराठीत सांगत होत्या, आणि माझी बहीण जमिनीवर बसून हूक लावत ऐकत होती. बाई कशाला तरी हसत होत्या. त्यांच्या अंगात राखाडी रंगाचा नवा ब्लाउज होता. ते कापड माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं.

माझी नजर आधी खांद्यावर गेली. उजवीकडे अर्धा इंच वर घेतलेला. अगदी बरोबर. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. तिनं स्वतः बघितलं होतं.

"हा ब्लाउज कुणी शिवला?"

बाई म्हणाल्या, "ये, ये. हिनं शिवला. म्हटलं, तुझी धावपळ चाललीय."

"कापला कुणी?"

बहीण खाली बघून म्हणाली, "मिया."

बाईंनी पुस्तक पट्टी घालून माझ्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं होतं. मी खुर्चीपाशी गेले. पट्टी मी दोनशेदहाव्या पानावर ठेवली होती. ती आता तीनशेच्या पुढं होती.

"माझ्याशिवाय शंभर पानं गेली."

"अगं, तूच तर हिला पाठवलंस," बाई म्हणाल्या.

"माझ्या जागी पाठवली होती. माझी जागा घ्यायला नाही."

"मग मी काय करायचं होतं? ती विचारते पुढं काय झालं, मी वाचते. रोज तेच पान वाचू?"

"आपलं ठरलं होतं, बाई."

"ठरलं होतं ना. मंगळवार आणि शुक्रवार, तीन ते चार. मी एकही तास चुकवलेला नाही."

आयुष्यात मला सौद्यात कुणी असं धरलं नव्हतं. बाईंच्या बाजूनं एक टाका सुटलेला नव्हता. तेच मला सहन झालं नाही. मी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, खिडकीशी ठेवलं, वर चढले आणि पडदे काढायला लागले. बहीण उठून स्टूल धरायला आली. मी म्हटलं, "हात लावू नकोस." बाई बसल्या जागेवरून एवढंच म्हणाल्या, "ते स्टूल डुगडुगतं. सांभाळून."

चारही पडदे काढून खुर्चीवर टाकले. कड्या काढल्या. खोलीभर ऊन आलं, बाईंच्या तोंडावर आलं, आणि त्यांनी पेपर उचलून डोळ्यांवर धरला. मी सगळं एका गाठोड्यात कोंबलं आणि निघून आले.

घरी गाठोडं सोडलं तर पडद्यांच्या घडीतून लाल पुस्तक निघालं. रागात खुर्चीवरचं सगळंच उचललं गेलं होतं. नवरा बघत होता.

"पडदे आणलेस ते आणलेस. पुस्तक पण?"

"चुकून आलं. पाठवून देईन."

"कुणाबरोबर? बहिणीबरोबर?"

बहिणीला जायला दुसरं घर नव्हतं आणि मला तिला काढायचंही नव्हतं. ती तशीच शेजारच्या मशीनवर बसत राहिली. मंगळवारी आणि शुक्रवारी पावणेतीनला ती उठायची, केस सारखे करायची आणि बाईंकडे जायची. तिनं विचारलं नाही, मी अडवलं नाही. पुस्तक माझ्याकडे होतं, तेव्हा त्या दुसरं काहीतरी वाचत असणार. काय वाचताय असं मी एकदाही विचारलं नाही, हे मला फार जड गेलं.

माझ्याकडे पुस्तक होतं आणि तीन ते चार रिकामे होते. मी एक जाडी इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली. शटर अर्धं खाली ओढून दोनशेदहाव्या पानापासून बोट ठेवून वाचायला बसले. पहिल्या दिवशी चार ओळी. दुसऱ्या दिवशी त्याच चार ओळी पुन्हा, कारण मी त्या उलट्या समजले होते. दोन वर्षं बाईंचा आवाज ऐकून वाक्य कुठं वळतं ते कानाला माहीत झालं होतं, त्याचा उपयोग झाला. महिन्याभरात रोज अर्धं पान होऊ लागलं, मग एक.

दोनशेतिसाव्या पानाच्या आसपास त्या वाड्यात एक गरीब बहीण आली. सरदारीणबाईच्या नात्यातली. बापाचं दिवाळं वाजलेलं, झाडलोटीचं काम करून राहिलेली. सरदारीणबाईनंच तिला राणीकडे कपडे सांभाळायच्या कामाला लावली. ही गप्प राहायची, हळू बोलायची, राणीचे सुजलेले पाय चोळायची. सरदारीणबाई स्वतःच्या कामात, महिना महिना दरबारात फिरकायची नाही. आणि एक दिवस तिला कळलं की राणीला आता हिच्याशिवाय करमत नाही.

मी डिक्शनरी मिटली. नातं नेमकं कुठलं ते इंग्रजीत लिहीत नाहीत, मामे-मावस सगळं एकच. मी मागच्या पानांवरचा वंशवृक्ष उघडून शोधलं. आतेबहीण होती. माझी मामेबहीण. एवढा फरक निघाला तेव्हा जरा बरं वाटलं.

पण बाईंनी हे पुस्तक आधी वाचलेलं होतं. मी बहिणीला पाठवली तेव्हा पुढं काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. हा माझा खरा राग, आणि तो त्या दिवसापासून सुरू झाला. ब्लाउजाचा राग त्यापुढे काहीच नव्हता.

पुढं सगळं भराभर बिघडत गेलं. सरदारीणबाईनं राणीला सुनावलं, पत्रांवर पत्रं लिहिली, देवळात जाताना सगळ्यांसमोर तिला गप्प बस म्हणाली. शेवटची भेट झाली तेव्हा ही बोलत राहिली, रडली, आणि राणी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, की जे काय असेल ते लिहून कळव. त्यानंतर दोघी कधी भेटल्या नाहीत. सोन्याची किल्ली परत मागितली तेव्हा हिनं ती नवऱ्यापुढे जमिनीवर फेकली. आणि राजवाड्यातली राहायची जागा सोडताना हिनं दारांची पितळी कुलपं आणि मुठी काढून नेल्या.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. डिक्शनरीत प्रत्येक शब्द पाहिला, मूठ म्हणजे मूठच का. शेजारी गिरणी सुरू होती, टेबलावर पिठाचा पातळ थर बसला होता. माझे पडदे घरी कपाटाच्या वरच्या फळीवर होते. पितळी कड्या वेगळ्या पिशवीत, मोजून.

कुलपं आपण स्वतः बसवली होती असं सरदारीणबाईचं म्हणणं होतं, असंही पुढं लिहिलेलं होतं. त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली.

बाईंच्या घरावरून मी रोज जायची. खिडक्या उघड्याच होत्या. त्यांनी नवे पडदे घेतले नाहीत. कपाटाच्या काचेवर एक जुनी साडी टाकली होती आणि खुर्ची खिडकीपासून दूर, भिंतीशी नेली होती. त्यांनी पडदे घेतले असते तर मला सोपं गेलं असतं.

एक दिवस काज करता करता बहीण म्हणाली, "बाई नाशकाक चलल्या."

"किती दिवस?"

"कायमच्या. भावाकडे. दिवाळीनंतर. जागा सोडतत."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. तुका सांग म्हणून नाय सांगल्यानी." मग थोड्या वेळानं म्हणाली, "सांगू नको असाय नाय म्हणाल्या."

शेवटचं प्रकरण मी वाचलं नव्हतं. पण त्या दोघी पुन्हा भेटल्या नाहीत हे मला माहीत झालेलं होतं. राणी वारली आणि सरदारीणबाई पुढं तीस वर्षं जगली, हे मागच्या पानांवरच्या सालांवरून दिसत होतं; ती वर्षं तिनं बरोबर आपणच होतो हे लोकांना सांगण्यात काढली असणार. तीस वर्षं मीही काढली असती. मला ते जमण्यासारखं आहे. म्हणूनच भीती वाटली.

त्या आठवड्यात मी पडदे धुतले, इस्त्री केले. शुक्रवारी पावणेतीनला बहीण उठली तेव्हा मीही शटर ओढलं. ती रस्त्याच्या त्या बाजूनं चालत होती, मी या बाजूनं. जिन्यात एकत्र आलो.

बाईंनी दार उघडलं, माझ्या हातातलं गाठोडं पाहिलं. "ये," म्हणाल्या. "कुठवर आलीस?"

"दाराच्या मुठी काढल्या तिथवर."

"एकटीनं वाचलंस?"

"डिक्शनरी घेऊन."

बाई चष्मा काढून पुसायला लागल्या. मी उभीच राहिले. जे विचारायचं होतं ते बसून विचारता आलं नसतं.

"त्या वाड्यात बहीण येणार हे तुम्हाला ठाऊक होतं. मी हिला पाठवली तेव्हा मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू हिला पाठवली असतीस?"

"नसती पाठवली."

"मग तो दीड महिना मी कुणाला वाचून दाखवलं असतं?" बाईंनी चष्मा लावला. "तुझं दुकान होतं. मला मंगळवार आणि शुक्रवार सोडून बाकीचे वार नव्हते गं."

मी स्टूल आणलं. बहिणीनं न विचारता ते धरलं आणि या वेळी मी धरू दिलं. कड्या अडकवता अडकवता वरूनच म्हणाले, "दिवाळीपर्यंत दोन्ही वार माझे."

"मंगळवार तिचा," बाई म्हणाल्या. "शुक्रवार तुझा. आणि वाचायचं तू. माझे डोळे दुखतात."

"म्हणजे शिवायचं मी आणि वाचायचंही मी? मग तुम्ही काय देणार?"

"मी ऐकणार. चुकशील तिथं थांबवणार. एवढे दिवस मी काय करत होते, ते कळेल तुला."

खालून बहीण म्हणाली, "शुक्रवारीय मी येतंय. चाय कोण करतला?"

शेवटचं प्रकरण मी त्यांना वाचून दाखवलं, पाच शुक्रवार लागले. बाई दर ओळीला थांबवायच्या आणि मी दर ओळीला वाद घालायची. म्हातारपणी सरदारीणबाई आपली बाजू लिहून घ्यायला एकापाठोपाठ एक माणसं ठेवायची आणि कुणाचंच लिहिणं तिला पुरेसं वाटायचं नाही, असं त्यात होतं. संपल्यावर बाईंनी विचारलं, "मग? बरोबर कोण होतं?"

"सरदारीणबाई," मी म्हटलं.

"राणी," बहीण म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

दिवाळीनंतर बाई नाशिकला गेल्या. पुस्तकं एका शाळेला दिली, लाल पुस्तक मला. पडदे सोबत नेले. पहिलंच पत्र आलं ते असं, की तिथल्या खिडक्या बुटक्या आहेत आणि पडदे जमिनीवर लोळतात. मी मापं मागवली. ब्लाउज आम्ही इथून पार्सलनं पाठवतो. कापते बहीण, उजवा खांदा तिला सांगावा लागत नाही. पत्र मी लिहिते, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, तब्येतीचं विचारून झाल्यावर, तीन ते चार हा तास मुळात माझा होता एवढी एक ओळ घालते. बाईंची उत्तरं चार-चार पानांची येतात. त्या ओळीबद्दल त्यांनी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही.